आधी तळं, मग कौलं

खारेपाटातल्या जुन्या घराला दोन दारं महत्त्वाची. पुढच्या दारानं पाहुणा येतो, मागच्या दारानं त्याचं जेवण. मागच्या दाराबाहेर तळं, तळ्यात जिताडा, आणि पाहुणा किती मानाचा यावर किती किलोचा जिताडा वर यायचा ते ठरतं. सोयरा आला तर मध्यम. मुलगी बघायला आले तर मोठा. सरकारी कागद कुठे अडला असेल तर त्याहून मोठा, आणि तो घरात शिजत नाही, पिशवीतून अलिबागला जातो. या शेवटच्या प्रकारावर रायगडात बरेच विनोद आहेत, ते इथं नकोत.

अलिबाग-पेण रस्त्यावर पोयनाड-पेझारीच्या आसपास रस्ता सोडून धरमतरच्या खाडीच्या दिशेनं उतरलं, की हा मुलूख लागतो. शहापूर, धेरंड ही इथली तळ्यांसाठी नावाजलेली गावं. आमचं गाव त्यांच्याच बाजूचं, लहान, कुणी नाव न घेणारं. पण तळी आमच्याकडेही घरागणिक. दोन गुंठे, अडीच गुंठे, कुणाचं फार तर चार. हौसेनं खोदलेलं त्यातलं एकही नाही. माझा आजा सांगे, की इथली जमीन खाडीच्या पातळीची, घराला उंच जोतं हवं, जोत्याला माती हवी. ती परसातून काढली, तिथं खड्डा पडला, खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं. विहिरीला गोडं पाणी लागेल याचा भरवसा नसलेल्या गावात ते पाणी गुरांना, भांड्यांना, भाजीच्या वाफ्यांना पुरवून वापरलं गेलं. मासा त्यानंतर आला. आमच्या जोत्याची पडकी कड आणि तळ्याचा काठ एकाच राखी-काळ्या मातीचे आहेत, हे मी लहानपणीच पारखून पाहिलं होतं.

जिताडा म्हणजे बंगाल्यांची भेटकी, ऑस्ट्रेलियातली बारामुंडी. खाऱ्या पाण्यात जगतो, गोड्यातही जगतो, मचूळ पाण्यात तर फारच सुखानं. पण अंडी घालायला त्याला खाडीच्या तोंडाचं खारं पाणीच लागतं. परसातल्या तळ्यात तो पाच-सहा किलोंचा होईल, म्हातारा होईल, पण वंश वाढवणार नाही. त्यामुळे खारेपाटातलं प्रत्येक तळं दरवर्षी खाडीकडे हात पसरतं. पाऊस सुरू झाला, की उधाणाच्या पाण्याबरोबर जिताड्याची बोटाएवढी पिल्लं खाडीच्या बांधातल्या झडपेतून, म्हणजे उघाडीतून, आत शिरतात, शेतांच्या कडेच्या पाण्यात पोचतात. ती पागानं, हातजाळ्यानं धरायची आणि घरच्या तळ्यात सोडायची. चेन्नईच्या केंद्रीय संस्थेनं १९९७ मध्ये या माशाची बंदिस्त पैदास साधली आणि आता पिल्लं विकतही मिळतात. पण आमच्या आत्याचा विकतच्या पिल्लांवर अजून विश्वास बसलेला नाही.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. हा मासा शिकारी आहे. कोलंबी, चिलापी, बोईट तर खातोच, पण आपल्या निम्म्या लांबीचं भावंडही गिळतो. म्हणून पिल्लं सोडताना सारख्या मापाची सोडायची. दुसरी गोष्ट, तो जन्मतो नर म्हणून आणि काही वर्षांनी, चांगला भरला की मादी होतो. हे मी कुठेतरी वाचून आत्याला सांगितलं. ती चूल फुंकत होती, मान वर न करता म्हणाली, “मंजे वय झाल्यावर शाना व्हतो.”

तळ्यातले मासे मोजायची आजाची रीत रात्रीची होती. जिताड्याच्या डोळ्यांवर उजेड पडला, की ते गुलाबी निखाऱ्यासारखे चमकतात. अमावास्येच्या आसपास आजा कंदील घेऊन काठावर उकिडवा बसायचा, हलायचा नाही, आणि डोळे मोजून त्यांचे निम्मे करायचा. आम्हा पोरांना श्वास रोखायला लावायचा. चुकला तर एखाद-दुसऱ्यानं चुकायचा. पुढे बॅटरी आली, पण आत्या अजून तसंच मोजते.

वादळांचा हिशोबही आजा असाच स्वतःच्या रीतीनं ठेवायचा. सन त्याला ठाऊक नसायचे. ‘संपातला पाऊस’, ‘गांधीबाबा गेले त्या सालचा वारा’, ‘जांभूळपाड्याचं पाणी’. मी मोठी झाल्यावर त्यांच्या तारखा शोधल्या. पण तारखा लावल्यावरही गोष्ट त्याच्याच क्रमानं लक्षात राहिली आहे, आणि ती तळ्यापासून सुरू होत नाही, बाहेरकाठ्यापासून होते.

खारेपाट म्हणजे खाडीकडून हिसकावून घेतलेली जमीन. तिच्या आणि खाडीच्या मध्ये मातीचा लांबच लांब बांध असतो, तो बाहेरकाठा. त्यात उघाड्या असतात. त्यांच्या झडपा ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतात आणि भरतीला आपोआप मिटतात. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये या भागातल्या शिलोत्री पद्धतीची नोंद आहे. खाडी हटवून जमीन करणारा तो शिलोत्रीदार, बाहेरकाठा राखायची जबाबदारी त्याची, आणि त्यासाठी कुळांनी बिघ्यामागे ठरलेलं भात द्यायचं. बांधाला भगदाड पडलं, की त्याला खांड म्हणतात. खांड एका रात्रीत बुजली नाही, तर पुढच्या भरतीला ती दुप्पट होते, आणि त्या शेतात पुढली दोन-तीन वर्षं भात धड येत नाही. राता, भुरा राता असली खारं सोसणारी जुनी भातं असली तरी त्यांनाही मर्यादा आहे.

संपातला पाऊस म्हणजे चरीच्या संपातला. तो संप १९३३ मध्ये सुरू झाला आणि १९३९ पर्यंत चालला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. हे सगळं पुस्तकांत आहे. पुस्तकांत नसलेलं आजाकडे होतं. तेव्हा तो आठ-दहा वर्षांचा. शेतं ओस, तांदूळ नाही. लोक डोंगरात जाऊन लाकडं तोडून विकत होते, करवंदं विकत होते, चिंबोऱ्या, निवट्या धरून पोट भरत होते. संपातल्या एका पावसाळ्यात वाऱ्यापावसाच्या रात्री बाहेरकाठ्याला खांड गेली. शेतात तर काहीच पेरलेलं नव्हतं. खोताची जमीन बुडते तर बुडू दे, असं म्हणणारेही होते. पण माझा पणजा पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन निघाला. “शेत खोताचा, तला आपला,” एवढंच तो म्हणाला म्हणे. अर्धा गाव त्याच्यामागे गेला. तिवराचे खुंट ठोकले, पेंढा आणि चिखलाचे गोळे थरावर थर दिले, आणि पहाटेच्या भरतीआधी खांड बुजवली. शेतांना पाणी लागलं, तळ्यांना लागलं नाही. त्या वर्षी घरात जे काही शिजलं त्यात तळ्याचा वाटा मोठा होता. संपाची गोष्ट सांगताना आजा भाषणांबद्दल फारसं बोलायचा नाही, या खांडीबद्दल मात्र हातवारे करून बोलायचा.

गांधीबाबा गेले त्या सालचा वारा म्हणजे २१-२२ नोव्हेंबर १९४८ चं वादळ. ते मुंबईच्या आसपास किनाऱ्यावर आलं. नोव्हेंबर म्हणजे भात कापून खळ्यात आलेलं, उडव्या रचलेल्या. आजा तेव्हा पंचविशीच्या अलीकडे, घरात नवी सून. रात्रभर वारा चालला. सकाळी कौलं अंगणात, उडवी तळ्यात. पेंढा पाण्यावर असा पसरला होता, की तळं आहे हे ठाऊक नसलेला माणूस त्यावर पाय देऊन चालला असता.

पणजानं घर आधी घेतलं. त्यात चूक काय? डोक्यावर छप्पर नाही, सून पोटुशी, पावसाची झड चालूच. कौलं गोळा केली, फुटकी वेगळी काढली, नळे नीट बसवले. तळ्यातला पेंढा भिजलाच आहे, तो पळून जात नाही, सवडीनं काढू, असं सगळ्यांनाच वाटलं. चार-पाच दिवसांनी तळ्याचं पाणी चहाच्या रंगाचं झालं, मग काळं. कुजक्या अंड्यांसारखा वास येऊ लागला. एका पहाटे पणजी भांडी घासायला उतरली, तर तळ्यातला प्रत्येक जिताडा पोट वर करून तरंगत होता. त्यातले काही संपाच्या काळातले असावेत, इतके मोठे. वाऱ्यानं एकही मासा मारला नव्हता. वारा जाऊन आठवडा झाल्यावर ते मेले.

तेव्हापासून घरात कायदा झाला, “आदी तला, मंग कौला.” आजा तो असा उच्चारायचा, की जणू तो कुळकायद्यातच लिहिलेला आहे.

या कायद्यामागचं कारण आज कुठल्याही मत्स्यशेतीच्या पुस्तकात मिळतं. पाण्यात पडलेला पाला किंवा पेंढा कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खातात. पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा उजेडात प्राणवायू देतं, पण वादळानंतर आभाळ झाकलेलं असतं, पाणी गढूळ असतं, ते काम मंदावतं. आणि रात्री तेच शेवाळ प्राणवायू घेऊ लागतं. म्हणून पहाट ही तळ्याची सगळ्यात वाईट वेळ. लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला, की मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागतात. या टंचाईत मोठे मासे आधी जातात, लहान टिकतात. तळाच्या काळ्या गाळात प्राणवायूवाचून कुजणं सुरू झालं, की कुजक्या अंड्यांचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो वायू विषारी आहे. आजाला यातला एकही शब्द माहीत नव्हता. त्याला एवढंच माहीत होतं, “कोलंबी काठाला आली का मानसानी झोपू नये.” कोलंबी खरंच माशांच्या आधी सांगते. तिला श्वास पुरेना झाला, की ती खोल पाणी सोडून काठाशी येते.

योगायोग असा, की त्याच १९४८ साली मुंबई सरकारचा खारजमिनींचा कायदा झाला आणि बाहेरकाठे राखणं हळूहळू सरकारी काम होत गेलं. १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला. योजना आल्या, दगडी पिचिंग आलं, सिमेंटच्या उघाड्या आल्या. त्यांचा उपयोग झाला, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण खांड गेली तर आपण जायचं, ही सवय गेली. आता खांड गेली, की अर्ज जातो. भरती मात्र अर्जाची वाट बघत नाही, दिवसातून दोनदा येते.

जांभूळपाड्याचं पाणी म्हणजे जुलै १९८९. अंबा नदीनं सुधागडातलं जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं, नागोठण्यात हाहाकार उडवला. तेच पाणी खाली आमच्या खाडीत उतरलं. माणसं ज्या पाण्यात गेली, त्याच्याबद्दल तळ्याच्या गोष्टीत लिहिताना हात जड होतो. एवढंच सांगते, की पाणी आमच्या तळ्याच्या काठावरून गेलं, जिताडे त्याच्याबरोबर गेले, आणि ओसरल्यावर तळ्यात आम्ही कधीच न सोडलेल्या मरळी निघाल्या. २००५ च्या २६ जुलैला आत्या शहाणी झाली होती. आदल्या संध्याकाळपासूनच तिनं तळ्याच्या काठानं बांबू रोवून जुनी जाळी उभी केली होती, कंबरेएवढी. पाणी जाळीतून आलं-गेलं, मासे आत राहिले. एवढ्या साध्या गोष्टीला कुणी शोध म्हणणार नाही, पण आमच्या वाडीत त्यानंतर सगळ्यांनी जाळीच्या पट्ट्या माळ्यावर ठेवल्या.

आता निसर्ग वादळ.

३ जून २०२० ला दुपारी ते वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. अलिबागच्या दक्षिणेला, दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूनं. वारा ताशी ११०-१२० किलोमीटर. मृग लागायला काही दिवस होते. तळी ओसरलेली, उन्हाळ्यानं पाणी कोमट, अर्ध्यावर. त्यात दोन-तीन वर्षं पोसलेले जिताडे. माणसं टाळेबंदीत घरातच होती, मीही शाळा बंद म्हणून गावी होते. आजा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात आत्या, अडुसष्ट वर्षांची, गुडघ्यानं त्रस्त, जिभेनं नाही.

वारा पडला तेव्हा परसात जायला वाट नव्हती. शेजारच्या वाडीतला आंबा मुळासकट उलथून आमच्या तळ्यात आडवा पडला होता. चिंचेनं आपला सगळा पाला पाण्यावर ओतला होता. कुणाच्या तरी गोठ्याचे सिमेंटचे पत्रे तळ्यात रुतले होते. आणि पश्चिमेचं शेराचं कुंपण अर्धं मोडून पाण्यात लोंबत होतं. घरावरची निम्मी कौलं नव्हती. भाऊ शिडी शोधू लागला. आत्यानं त्याच्या हातात शिडीऐवजी कोयता दिला.

पहिलं काम शेराचं. शेराचा चीक डोळ्यात गेला तर माणूस आंधळा होऊ शकतो आणि पाण्यात गेला तर मासा मरतो. पूर्वी काही भागांत मासे मारायला तो मुद्दाम वापरत. आत्यानं बजावलं, पाण्यावर तोडायचं नाही, लोंबणारी फांदी दोरीनं बाहेर खेचायची, मग जमिनीवर तोडायची. हाताला फडकी गुंडाळून ते झालं. मग पत्रे. मग आंबा. आंब्याच्या बाबतीत तिचा हुकूम विचित्र वाटला. फांद्या आणि डहाळ्या काढा, खोड राहू दे. खोड कुजायला वर्षं लागतात, पानं चार दिवसांत कुजतात. शिवाय घाबरलेल्या माशाला आडोसा लागतो. नारळाच्या झावळ्या ओढल्या की निघतात, त्यांची घाई नव्हती. सगळ्यात वाईट चिंच. एवढासा पाला, जाळ्यातून निसटतो, हातात येत नाही. आत्यानं जुनं नायलॉनचं लुगडं काढलं. दोघींनी दोन टोकं धरून पाण्यात उतरायचं, लुगडं पाण्याच्या वरच्या थरातून काठाकडे सरकवत न्यायचं, पाला काठावर झटकायचा, पुन्हा उतरायचं. शेजारच्या काकू, त्यांची सून, मी, अंधार पडेपर्यंत. घरात त्या रात्री ताडपत्रीखाली झोपलो.

वीज गेली ती रायगडात कितीतरी गावांना आठवडेच्या आठवडे नव्हती. म्हणजे पंप नाही. डिझेलच्या इंजिनाला गावभर मागणी. पहाटे आत्या काठावर बसून होती. कोलंबी आली. तिनं आरडाओरडा केला नाही, घरातल्या आणि शेजारच्या पोरांना उठवलं आणि पाण्यात उतरवलं. धिंगाणा घाला म्हणाली. टाळेबंदीत महिनोन्‌महिने धिंगाण्याला बंदी असलेल्या पोरांना दुसरं काय हवं होतं. आम्ही मोठ्यांनी हंडे, कळश्या भरून उंचावरून तळ्यात ओतल्या. पाणी हवेतून पडताना प्राणवायू घेऊन जातं, त्याला वीज लागत नाही. इंजिन मिळालं तेव्हा त्याचं पाणी सरळ न सोडता आडव्या फळीवर आदळवून सोडलं. आणि खालची मोरी उघडून तळाचं काळं पाणी थोडं थोडं बाहेर काढलं. एकदम सगळं नाही, कारण एकदम बदललेलं पाणीही माशाला सोसत नाही.

मग चुना. आजाच्या वेळी शिंपल्या भाजून केलेला चुना मिळायचा, आता पोयनाडहून पिशवी आली. गुंठ्याला दोन-अडीच किलो, बादलीत कालवून, निवल्यावर, सकाळी. पाल्यानं आणि पावसाच्या लोंढ्यानं आंबटलेलं पाणी त्यानं ताळ्यावर येतं. खाणं पूर्ण बंद. उपाशी जिताडा आठवडाभर काही मरत नाही, पण न खाल्लेलं खाणं कुजून तळं मारतं. एवढं करूनही मोठे चार-पाच गेले. आत्यानं ते त्याच सकाळी नारळाच्या बुडाशी चुना घालून पुरले. कुणीतरी म्हणालं, ताजेच आहेत, शिजवू या. ती नुसती बघत राहिली, तसा तो गप्प झाला.

वटपौर्णिमा वादळानंतर दोनच दिवसांनी होती. त्या वर्षी वडाच्या फांद्या आणायला कुणाला जावं लागलं नाही. पौर्णिमेचं उधाण मात्र आलं. वाऱ्यानं बाहेरकाठ्याची माती आधीच सैल केली होती, उधाणानं तिथं खांड पाडली. खारं पाणी शेतांत शिरलं, तिथून चराच्या वाटेनं आमच्या काठाशी. आंबा उलथताना त्याच्या मुळांनी तळ्याच्या काठाचा एक लचका काढला होता, नेमकं तिथून पाणी आत झिरपू लागलं. जिताड्याला खाऱ्याचं काही नाही, चिलापीलाही नाही. आत्याचे भाजीचे वाफे गेले, अळू गेलं, मरळीच्या राहिलेल्या वंशातल्या दोन गेल्या. लचका पेंढा आणि चिकण मातीनं भरला.

बाहेरकाठ्याचं काय, यावर देवळात माणसं बसली, मास्क लावून, लांब लांब. अर्ज दिला होताच. वाट बघू म्हणणारे जास्त होते. आत्या बोलली नाही, पण संपातली गोष्ट तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होती आणि त्यातल्या एकानं ती पुन्हा सांगितली. पुढच्या अष्टमीच्या भांगाला, भरतीचा जोर सगळ्यात कमी असताना, वाडीतली मंडळी तिवराऐवजी पडलेल्या सुपारीची खोडं घेऊन बांधावर गेली. तिवर तोडायला आता बंदी आहे, आणि ती असावीच. खांड बुजली. फार सुबक नाही, पण त्या पावसाळ्यात टिकली.

पंचनाम्याला आलेल्या तरुणाकडे छापील तक्ता होता. घर, झाडं, जनावरं, होड्या. तळ्याला रकाना नव्हता. तो समजूतदार होता, म्हणाला, शेरा लिहितो, पण मासे दाखवा. आत्या म्हणाली, “मेलेले पुरले, जिते पान्यान हान. उतरा नि मोजा.” त्यानं लिहिलं काय ते ठाऊक नाही. घराचे पैसे आले, झाडांचे आले. राज्यानं त्या वेळी फळबागांची मदत हेक्टरी ५० हजार केली होती, त्याचा या किनाऱ्याला आधार झाला हे खरं. तळ्यांसाठी त्या काळच्या आपत्ती निकषांत दोन दर होते. मत्स्यशेतीच्या तळ्यातला गाळ काढायला किंवा दुरुस्तीला हेक्टरी १२ हजार २०० रुपये, आणि मत्स्यबीजासाठी हेक्टरी ८ हजार २०० रुपये. दोन गुंठ्यांच्या तळ्याला हे दर लावून पाहा. दुरुस्तीचे सुमारे २४७ रुपये होतात, बीजाचे १६६. एका दिवसाच्या मजुरीला पुरणार नाहीत इतके. हेक्टरात मोजणाऱ्या कागदाला परसातलं तळं दिसतच नाही. ज्यांनी हे दर ठरवले त्यांच्या डोळ्यांसमोर आंध्रातले तलाव असतील, खारेपाटातलं मागचं दार नसावं.

पुढच्या वर्षी, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर गेलं. तोपर्यंत आत्यानं पाण्यावर येणारी चिंचेची फांदी उतरवून घेतली होती, शेराचं कुंपण काढून तिथं मेंदी लावली होती. थोडा पाला पडला, लुगडं पुन्हा निघालं, एकही मासा गेला नाही. त्याच पावसाळ्यात उघाडीतून नवी पिल्लं आली आणि आंब्याच्या खोडाखाली राहू लागली.

ज्यांच्या परसात असं तळं आहे, मग ते खारेपाटात असो, गुहागरकडे असो नाहीतर गोव्यात, त्यांना एवढंच सांगणं आहे. मृगाआधी पाण्यावरच्या फांद्या उतरवा. जाळीची पट्टी, दोरी, चुन्याची पिशवी आणि एक जुनं लुगडं हाताशी ठेवा. वारा गेल्यावर पहिल्या पहाटेपासून आठवडाभर तळ्यावर कुणीतरी बसा. ग्रामसभा भरेल तेव्हा पंचनाम्याच्या तक्त्यात परसातल्या तळ्याला स्वतंत्र रकाना आणि हेक्टरी नव्हे, तर तळ्यामागे दर मागणारा ठराव करून घ्या. आणि मेलेले मासे पुरण्याआधी तारखेसकट त्यांचे फोटो काढून ठेवा.